रात्रीची गस्त वाढवूनही घरफोड्या का थांबत नाहीत?

आपल्या वसाहतीत चार महिन्यांत ५ घरफोड्या, २ सोनसाखळी चोऱ्या आणि ३ दुचाकी चोऱ्या झाल्या. त्यावर सोसायट्यांच्या संयुक्त बैठकीत तीन उपाय सुचवले गेले आहेत: ३२ सीसीटीव्ही कॅमेरे बसवणे, रात्रपाळीला आणखी दोन सुरक्षारक्षक नेमणे आणि चौकात पोलीस चौकी मिळावी म्हणून निवेदन देणे. निधी मर्यादित असल्याने यातील आधी काय करावे, असे सचिव या नात्याने आपण विचारले आहे. मी फौजदार म्हणून खात्यात आलो आणि वरिष्ठ निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. त्यातील बहुतेक काळ पोलीस ठाण्यातच गेला. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

या तिन्हींपैकी एकही गोष्ट आधी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण आपण सोबत जोडलेल्या यादीतच आहे. पाचही घरफोड्या सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत झाल्या आहेत. पाचही घरे लिफ्ट नसलेल्या जुन्या तीन मजली इमारतींतील आहेत, पाचही दारांना बाहेरून कुलूप होते आणि त्यांतील दोन घटना एकाच इमारतीत, १२ दिवसांच्या अंतराने घडल्या आहेत. रात्रपाळीचा रक्षक कितीही दक्ष असला तरी सकाळी ७ वाजता तो घरी जातो. आपल्याकडचा चोर त्यानंतर चार तासांनी येतो.

चोर म्हटले की आपल्या मनात रात्रच उभी राहते. कायद्याची मांडणीही तशीच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ नुसार चोरीच्या उद्देशाने दिवसा केलेल्या घरफोडीला १० वर्षांपर्यंत, तर सूर्यास्तानंतरच्या घरफोडीला १४ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. घरात झोपलेल्या माणसांच्या जिवाला असलेला धोका लक्षात घेता हा भेद योग्यच आहे. परंतु शहरातील घरांची दिनचर्या पार बदलली आहे. नवरा-बायको दोघेही नोकरीला, मुले शाळेत आणि वडीलधारी माणसे गावी असतील, तर रात्री जे घर माणसांनी भरलेले असते तेच दिवसा आठ-आठ तास रिकामे असते. हा हिशेब चोरांनी आपल्याआधी केला.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका औद्योगिक पट्ट्यालगतच्या ठाण्यात होतो. तिथल्या कामगार वसाहतींत दिवसाच्या घरफोड्यांची मालिका सुरू झाली होती आणि आम्ही नेहमीप्रमाणे रात्रगस्त वाढवून, रेकॉर्डवरील गुन्हेगारांना ठाण्यात बोलावून दमलो होतो. एके दिवशी आमच्या वयस्कर हवालदारांनी गुन्हे रजिस्टर पुढे ओढून सगळ्या तारखांसमोर वार लिहून काढले. त्यात गुरुवार एकदाही आला नाही. त्या भागातील कारखान्यांना साप्ताहिक सुटी गुरुवारी असे, त्यामुळे त्या दिवशी प्रत्येक घरात एक तरी पुरुष माणूस असायचे. पुढे वेळा मांडल्यावर दिसले, की बहुतेक घरे बालवाडी सुटण्याच्या सुमारास फुटली होती. आई मुलाला आणायला गेलेली आणि घर जेमतेम चाळीस मिनिटे बंद. मग आम्ही त्या वेळेला दोन शिपाई साध्या वेशात त्या गल्ल्यांत बसवले, आणि बायकांनी आपापसांत पाळ्या लावून एकीने चार जणींची मुले आणायची असे ठरवले. घरफोड्या थांबल्या. पुढे ती टोळी भलत्याच शहरात, भलत्याच गुन्ह्यात पकडली गेली, त्यामुळे श्रेय शिपायांचे, त्या बायकांचे की टोळीने स्वतःहून गाशा गुंडाळला याचे, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. मात्र वारांच्या त्या यादीने जे दाखवले, ते महिनाभराच्या रात्रगस्तीने दाखवले नव्हते, एवढे नक्की.

फिरती गस्त वाढवल्याने गुन्हे कमी होतात, हा समज नागरिकांइतकाच पोलिसांतही खोल रुजलेला आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९७२-७३ मध्ये याची रीतसर परीक्षा घेण्यात आली. शहराच्या एका भागातील १५ बीटांचे, म्हणजे गस्तीसाठी आखलेल्या विभागांचे, तीन गट केले गेले. एका गटात नेहमीची फिरती गस्त बंद करून फक्त बोलावणे आल्यावर गाडी पाठवली, दुसऱ्यात गस्त होती तशी ठेवली आणि तिसऱ्यात ती दुपटी-तिपटीने वाढवली. तिन्ही गटांतील गुन्ह्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही, आणि गस्त कमी-जास्त झाल्याचे रहिवाशांच्याही फारसे लक्षात आले नाही. याचा अर्थ गस्त निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. सगळीकडे सारखी फिरणारी गाडी कोणत्याच एका जागी पुरेशी नसते, एवढाच याचा अर्थ. पुढे मिनियापोलिस शहराच्या अभ्यासात पोलिसांना येणारी सुमारे निम्मी बोलावणी जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून येतात असे दिसले, आणि अशा मोजक्या जागी पोलीस दहा-पंधरा मिनिटे थांबून गेले तर ते निघून गेल्यानंतरही काही काळ तिथे शांतता टिकते, असेही आढळले.

आपल्याकडे अनेक शहरांत बीट मार्शलांना, म्हणजे दुचाकीवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना, आपण तिथे गेल्याची नोंद म्हणून ठरलेल्या ठिकाणी जाऊन क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. हे कोड बहुधा बँक, एटीएम, सराफाचे दुकान, मंदिर अशा ठिकाणी असतात, आणि एकदा लावल्यावर वर्षानुवर्षे कोणी त्यांची जागा बदलत नाही. म्हणून ‘गस्त वाढवावी’ अशा मोघम निवेदनाऐवजी आपण अशी मागणी करावी, की जुन्या इमारतींच्या गल्लीत दोन ठिकाणी कोड लावावेत आणि सकाळी ११ ते दुपारी ४ दरम्यान, रोज वेळ बदलून, मार्शलांनी तिथे दहा मिनिटे उतरून थांबावे. माझ्या टेबलावर असे नेमके निवेदन आले असते तर मी त्याच आठवड्यात आदेश काढला असता. मोघम निवेदनावर ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असा शेरा मारून ते चौकीकडे पाठवले जाते आणि तिथेच त्याचा प्रवास संपतो.

यादीतील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली बाब म्हणजे एकाच इमारतीत १२ दिवसांत झालेल्या दोन घरफोड्या. ‘एकदा वीज पडली तिथे पुन्हा पडत नाही’ या भावनेने लोक फुटलेल्या घराबाबत निर्धास्त होतात. चोरीच्या बाबतीत नेमके उलटे असते. इंग्लंडमधील रॉचडेल गावच्या कर्कहोल्ट या वसाहतीत १९८० च्या दशकात घरफोड्यांनी लोक हैराण झाले होते. सगळ्या वसाहतीला कुलपे वाटण्याऐवजी तिथे जी घरे आधीच फुटली होती त्यांवरच सगळे लक्ष केंद्रित केले गेले. त्या घरांची दारे-खिडक्या मजबूत केल्या. नाणी टाकून चालणारे वीज व गॅसचे मीटर, ज्यांत रोकड साठून राहत असे, ते काढून टाकले. आणि त्या घराच्या सभोवतालच्या पाच-सहा शेजाऱ्यांना फक्त त्या एका घरावर नजर ठेवण्याची विनंती केली. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे तीन चतुर्थांशाने घटल्या. चोराला जिना माहीत झालेला असतो, कोयंडा किती तकलादू आहे हे कळलेले असते, आणि एका मजल्यावरची सगळी दारे बिल्डरने एकाच दिवशी एकाच मापाची बसवलेली असतात. त्यामुळे एक घर फुटले की पुढचे दोन-तीन आठवडे ते घर, त्याच्या समोरचे आणि वरचे-खालचे दार ही चोराच्या दृष्टीने ओळखीची ठिकाणे असतात.

इथे दाराविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमच्या पंचनाम्यांत ‘बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द इतक्या वेळा आले आहेत, की कुलूप तुटल्याचा उल्लेख त्यामानाने कमीच वाटावा. लोक हजार-दीड हजाराचे कुलूप आणतात आणि ते दोन आखूड स्क्रूंवर उभ्या असलेल्या कोयंड्यात अडकवतात. हातभर लांबीची कटावणी लावली की कुलूप तसेच शाबूत राहते आणि कोयंडा निघून येतो. शिवाय बाहेर लोंबणारे कुलूप म्हणजे ‘घरात कोणी नाही’ अशी पाटीच होय. दाराच्या आत बसणारे लॅच, चौकटीत खोलवर जाणारे लांब स्क्रू आणि बाहेर जाळीचे सुरक्षा दार एवढे केले तर चोराला दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटे लागतात आणि आवाज होतो. दिवसाच्या चोराला या दोन्ही गोष्टी परवडत नाहीत. दारात साठलेली वर्तमानपत्रे, दोन दिवस तशीच लटकणारी दुधाची पिशवी, गावी गेल्याचे समाजमाध्यमांवर टाकलेले फोटो यांविषयी पोलीस दर उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुटीत सांगतच असतात, ते पुन्हा उगाळत नाही.

यादीतील एका दुचाकीपुढे ‘गाडी जुनी असल्याने तक्रार दिली नाही’ असा शेरा आहे. ही आपल्या बाजूची चूक आहे. कोणत्या बीटला किती माणसे द्यायची, नाकाबंदी कुठे लावायची, गुन्हे शोध पथकाने कुठे बसायचे, हे सगळे नोंदलेल्या गुन्ह्यांवरून ठरते. न नोंदलेली चोरी ठाण्याच्या दृष्टीने घडलेलीच नसते. अर्थात आमच्या बाजूची चूक याहून मोठी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मासिक गुन्हे आढावा बैठकीत वाढलेल्या आकड्यांबद्दल ठाणेप्रमुखाला बोलणी खावी लागतात, म्हणून चोरीची फिर्याद घेण्याऐवजी साधा अर्ज घेणे किंवा चोरलेला मोबाइल ‘गहाळ’ म्हणून लिहिणे ही पळवाट वर्षानुवर्षे चालत आली. उमेदीच्या काळात मीही तसे केले आहे. वस्तुतः चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्रथम खबर (एफआयआर) नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असला तरी खबर देता येते, इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही केली की ती नोंदवून घेतली जाते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिल्यास माहिती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत उपायुक्तांकडे पाठवावी. हे सारे भांडणाच्या सुरात करण्याची गरज नसते. कलमाचा शांतपणे केलेला उल्लेख पुरतो.

सीसीटीव्हीविषयी माझे मत लोकांना आवडत नाही. तपासात कॅमेऱ्यांचा उपयोग निर्विवाद आहे. गुन्हा टाळण्यात मात्र तो अपेक्षेपेक्षा कमी असतो. आपण ३२ कॅमेरे लावणार असाल तर त्यांतील बहुतेक कॅमेरे दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून लोकांच्या टाळूचे चित्रण करतील. मी पाहिलेल्या फुटेजपैकी निम्म्याहून अधिक फुटेज टोपी किंवा हेल्मेट घातलेल्या डोक्यांचे होते. वसाहतीत यायच्या-जायच्या वाटा तीन असतील, तर त्या प्रत्येक वाटेवर एक कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीला आणि एक नंबरप्लेटच्या उंचीला, गाडीच्या दिव्यांची तिरीप थेट येणार नाही अशा कोनात लावावा. असे सहा कॅमेरे त्या बत्तीसांना भारी पडतील. यंत्रातील घड्याळ दर महिन्याला जुळवावे. यंत्रात ४० मिनिटांचा फरक निघाल्यामुळे आरोपीच्या वकिलाने साक्षीदाराची भंबेरी उडवलेली मी न्यायालयात बसून पाहिली आहे. साठवण किमान ३० दिवसांची असावी, रेकॉर्डिंग यंत्र रक्षकाच्या टेबलाखाली न ठेवता कुलूपबंद जागी ठेवावे, आणि फुटेज न्यायालयात टिकण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते याची देखभाल करणाऱ्या व्यक्तीला आधीच कल्पना द्यावी.

रक्षक नेमायचेच असतील तर ते दिवसपाळीला नेमावेत. जुन्या इमारतींच्या जिन्यांवरून दर तासाला एक फेरी आणि अनोळखी माणसाला ‘कोणाकडे जायचे आहे?’ असा सभ्य प्रश्न, एवढे त्याचे काम. चोराला हटकले गेले की तो बहुधा निघून जातो, कारण आपला चेहरा कोणी तरी पाहिला आहे हे त्याला कळते. रक्षक पुरवणाऱ्या संस्थेकडे २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखालील परवाना आहे का, हे कागद पाहूनच ठरवावे. आणि बारा तास उभ्या असलेल्या त्या माणसाला बसायला खुर्ची, प्यायला पाणी आणि स्वच्छतागृह द्यावे. ज्या सोसायटीत रक्षकाला नावाने हाक मारली जाते तिथला रक्षक जास्त जागा असतो, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

सोनसाखळीच्या दोन्ही घटना सकाळच्या फेरफटक्याच्या वेळी, वळणाच्या रस्त्यावर झाल्या आहेत. दुचाकीस्वाराला पळण्यासाठी वळण आणि मोकळा रस्ता लागतो. तिथे महापालिकेकडून गतिरोधक आणि दिवा मिळवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. यादीत नसलेल्या एका प्रकाराबद्दलही सावध करतो. ‘पुढे चोरी झाली आहे, आम्ही पोलीस आहोत, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा’ असे सांगून ज्येष्ठ नागरिकांना लुबाडणारे तोतया पोलीस अशाच शांत वसाहतींत फिरतात. कोणताही खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही, हे वाक्य आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या प्रत्येक बैठकीत म्हटले जावे. संशय आल्यास ११२ वर फोन करावा. फोन केल्याबद्दल कोणी रागावत नाही.

आता पोलीस आणि वसाहत यांच्या नात्याविषयी. भिवंडीत १९८४ मध्ये भीषण दंगल झाली होती. १९८८ मध्ये तिथे उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी पोलीस आणि रहिवासी एकत्र बसतील अशा मोहल्ला समित्या उभ्या केल्या. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. तो प्रश्न जातीय तणावाचा होता, आपला चोरीचा आहे; पण दोन्हीकडे कामाची रीत एकच, की गडबड नसतानाच्या काळात पोलीस आणि रहिवासी यांचे नियमित बोलणे झालेले असावे. आपल्याकडे बहुतेक बैठका चोरी झाल्यानंतर, रागाच्या भरात होतात आणि दोन महिन्यांत विरतात. महिन्यातून एकदा, अर्धा तास, बीट अंमलदाराला बोलावून मागील महिन्याची घटनांची यादी वार आणि वेळेसह त्याच्यासमोर ठेवावी. तो गणेशोत्सवाच्या किंवा निवडणुकीच्या बंदोबस्तात अडकणार असेल तर ते दिवस आधीच कळतात, आणि त्या दिवसांत वसाहतीने स्वतः जास्त डोळे उघडे ठेवायचे असतात. बंदोबस्ताच्या काळात बीट रिकामे असते, हे चोरांना चांगले ठाऊक असते. त्याची बदली झाली तर नव्या माणसाच्या हातात तीच वही द्यावी.

नागरिकांच्या गस्तीचा विचारही आपल्या बैठकीत निघाला होता, असे आपण लिहिले आहे. त्याबाबत मी कठोरपणे सांगतो: पाहावे, लिहून ठेवावे, ११२ ला कळवावे, अडवून झडती घेऊ नये आणि हात तर मुळीच लावू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्या अफवा मोबाइलवरूनच पसरल्या होत्या. आपल्या गटावर ‘संशयित’ म्हणून एखाद्या फेरीवाल्याचा फोटो टाकणाऱ्या सज्जन गृहस्थांना मी राईनपाड्याची आठवण करून देत असतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर जन्मतःच चोरीचा शिक्का मारला होता. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण पारधी वस्तीतून माणसे उचलून आणण्याची सवय आमच्या खात्यातून लवकर गेली नाही आणि त्या सवयीने खरे चोर सापडले असेही नाही. शेजारच्या वस्तीवर, घरकाम करणाऱ्या बायकांवर किंवा अविवाहित भाडेकरूंवर सरसकट संशय घेतल्याने एकच निश्चित परिणाम होतो: दिवसभर वसाहतीत वावरणारी, सर्वांत जास्त पाहणारी माणसे आपल्याशी बोलेनाशी होतात. भाडेकरूंची माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर अवश्य भरावी, पण ती सगळ्यांची सारखीच भरावी.

पोलीस चौकीच्या निवेदनाला माझा विरोध नाही, अपेक्षा मात्र फार ठेवू नका. चौकी म्हणजे बांधकाम नव्हे, तीन पाळ्यांची माणसे. ती नसतील तर काही महिन्यांत चौकीला कुलूप लागते, आणि कुलूपबंद चौकीइतकी चोराला निर्धास्त करणारी गोष्ट दुसरी नाही. ते निवेदन सवडीने द्या. या आठवड्यात मात्र, जिथे दोनदा चोरी झाली त्या इमारतीतील सहाही दारांचे कोयंडे सुताराला दाखवा. त्याचे ते एका दिवसाचे काम आहे.